निराधारचा पगार कुठून काढावा: पोस्टमन, बँक मित्र, शाखा की एटीएम?

दीड हजार रुपये खात्यात जमा होणं आणि ते आजीच्या कनवटीला लागणं, या दोहोंच्या मध्ये कोकणात एखादी खाडी असते, दोन पाखाड्या असतात आणि जुलैत बऱ्याचदा बंद पडलेला टॉवरही असतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशाला, म्हणजे निराधारांना आणि वृद्धांना सरकारकडून मिळणाऱ्या महिन्याच्या मदतीला, गावात सगळे ‘पगार’च म्हणतात. तो काढायला जायचं कुठे, हे मात्र शेजारीण कुठे जाते त्यावर ठरतं. मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत त्यासाठी चार सोयी आहेत: पोस्टाचा माणूस, बँक मित्र (बँकेच्या वतीने दुकानातून अंगठ्यावर पैसे देणारा), बँकेची शाखा आणि एटीएम. चौघांनाही इथे एकच कसोटी लावली आहे. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाईला भर पावसात पूर्ण रक्कम आणि तिची पावती मिळते का?

निकाल आधीच सांगून टाकू. पोस्ट पहिलं. शाखा दुसरी, पण वर्षातल्या दोन-तीन कामांपुरतीच. बँक मित्र माणूस चांगला असेल तर पोस्टाच्याही पुढे, नसेल तर चौघांत सर्वांत घातक. एटीएम या वयाच्या माणसांसाठी जवळजवळ बाद.

पैसे खात्यापर्यंत येण्याची वाट आता बदलली आहे. २०२४ च्या अखेरीपर्यंत तहसील कार्यालय कोषागारातून रक्कम काढायचं, याद्या बँकांना आणि पोस्टाला पाठवायचं आणि तिथे एकेक नाव भरलं जायचं. यादी कुठल्या टेबलावर पडून राहिली की अख्ख्या गावाचा पगार पडून राहायचा. आता रक्कम डीबीटी, म्हणजे थेट लाभ हस्तांतरणाच्या, पोर्टलवरून आधारशी जोडलेल्या खात्यात येते. वरून निधीच आला नाही तर सगळेच थांबतात, ती गोष्ट वेगळी; पण यादीपायी गाव अडकत नाही. अडकतं ते एकेकटं माणूस, आणि एकट्याची हाक तालुक्याला पोचत नाही.

रकमेचा एक घोळ इथेच मिटवू. जुलै २०२३ पासून महिना १००० चे १५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २५०० आहेत. पण ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांच्या दीड हजारात केंद्राचा वाटा असतो. श्रावणबाळमध्ये ७९ वयापर्यंत केंद्राचे २०० आणि राज्याचे १३००, ऐंशीनंतर केंद्राचे ५०० आणि राज्याचे १०००. हे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नोंदींनी पडू शकतात. ‘दोनशेच आले, बाकीचे कुणीतरी खाल्ले’ ही ओरड पुष्कळदा या पहिल्या नोंदीवर होते. दुसरी नोंद पडेपर्यंत पोस्टमनशी भांडू नये.

आता मूळ दुखणं. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेने सांगितलं की माणूस निश्चिंत होतो. पण लिंक दोन प्रकारची असते. खात्याच्या नोंदीत आधार क्रमांक असला की अंगठा लावून पैसे काढता येतात. सरकारकडून पैसे कुठल्या बँकेत यायचे, हे मात्र बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या ‘मॅपर’ नावाच्या यादीत ठरतं आणि तिथे एका आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं. खाती चार असोत, चारही आधारला जोडलेली असोत, पैसे शेवटच्या सीडिंगच्या, म्हणजे त्या यादीत शेवटी नोंदवलेल्या, बँकेतच जाणार. नातवाने सिमकार्डाबरोबर आजीचं एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, संमतीच्या चौकोनात टिचकी मारली, की पुढचा पगार तिकडे. आजी जुनं पासबुक घेऊन शाखेत जाते, शिपाई ‘नाही आले’ म्हणतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. माय-आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून ओटीपीने आत जायचं आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायचं. बँकेचं नाव, सीडिंग चालू की बंद आणि शेवटचा बदल कधीचा, एवढं तिथे दिसतं. बँक भलतीच निघाली तर ज्या बँकेत पैसे हवेत, त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरायचा आणि त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहून ‘तिथून इकडे’ असं स्पष्ट नोंदवायचं. अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का घ्यायचा. चार-आठ दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहायचा; अर्ज दिला म्हणजे नोंद झाली असं नाही. अडकलेले मागचे हप्ते आपोआप येतील असंही धरून चालू नये. तहसीलच्या संजय गांधी शाखेत सीडिंगचा कागद जोडून लेखी अर्ज द्यावा.

पोस्ट पहिलं का, तर ते वाडीत येतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि तिच्यामुळे गावच्या डाकसेवकाच्या हातात मोबाइल आणि अंगठ्याचं यंत्र आलं. पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी की त्याच्याकडून पैसे काढायला पोस्टात खातं लागत नाही. खातं बँक ऑफ इंडियाचं असो की ग्रामीण बँकेचं, आधार जोडलेलं असलं की तो बँकेचं नाव निवडतो, अंगठा घेतो आणि रोख देतो. ‘पोस्टात खातं उघडा, तरच देतो’ असं कुणी म्हणालं तर ते त्याच्या टार्गेटसाठी. खातं उघडायला हरकत नाही, पण त्या उघडण्यात सीडिंग हलतं का, एवढं विचारून मगच अंगठा ठेवावा.

घरी बोलावण्याची रीतसर मागणी नोंदवली तर खेपेला २० रुपये अधिक जीएसटी असा आकार आहे. टपाल वाटायला तो वाडीत येणारच असतो, तेव्हा पाच-सहा जणींनी एका पडवीत जमणं किंवा शाखा डाकघरात जाणं सोयीचं. आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा: पोस्टाचं जुनं बचत खातं आणि पेमेंट्स बँकेचं खातं ही दोन वेगळी खाती. जुन्या खात्यात साधारणपणे किमान ५०० रुपये ठेवावे लागतात, म्हणजे दीड हजारातले पाचशे कायमचे अडकले. पेमेंट्स बँकेत शून्य शिल्लक चालते. तिचं खातं असेल आणि पैसे दुसऱ्या बँकेच्या केंद्रावर अंगठा लावून काढले, तर महिन्याला तीन व्यवहार फुकट, पुढे प्रत्येकी २० रुपये अधिक जीएसटी.

पोस्टाचे दोषही सांगायला हवेत. शाखा डाकघर दिवसाला चार-पाच तासच उघडं असतं. डाकसेवकाकडची रोकड वरच्या कचेरीतून येते आणि ती मोजकीच असते. पगार पडल्याची बातमी वाडीत फुटली की पहिल्या आठ-दहा जणींत ती संपते आणि अकरावीला ‘उद्या या’. उपाय साधा आहे: आदल्या दिवशी त्याला आकडा सांगून ठेवायचा, किंवा पहिले चार दिवस सोडून जायचं. पैसे खात्यातून पळून जात नाहीत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, हा पोस्टाचा सर्वांत मोठा उणेपणा. मोबाइलवर मेसेज येतो, पण तो कुणाच्या मोबाइलवर, ते पुढे येईलच.

बँक मित्राचं दुकान, ज्याला कुणी सीएसपी म्हणतं, कुणी नुसतं ‘थंबवाला’, हे खरं तर सर्वांत सोयीचं ठिकाण. शाखा बंद झाली तरी ते उघडं असतं, मासळी विकून परतणाऱ्या बाईला संध्याकाळीही पैसे मिळतात, रांग नसते. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. बँकेची हद्द, तालुक्याची हद्द काही आड येत नाही. तवसाळ गुहागर तालुक्यात, जयगड रत्नागिरीत. पण फेरीबोटीने पलीकडे गेलेल्या माणसाला तिथल्या केंद्रावरही तोच पगार तसाच मिळतो.

पण इथे पडदा बँक मित्राकडे असतो आणि अंगठा आपला. सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी आहे. तिचे प्रकार तीनच, गावं फक्त बदलतात.

पहिला: ‘थंब लागला नाही, परत लावा.’ पहिला लागलेला असतो. दोनदा रक्कम निघते, हातात एकदाच येते. दुसरा: ‘बॅलन्स बघतो’ म्हणून अंगठा घ्यायचा आणि प्रत्यक्षात पैसे काढायचे, मग ‘अजून आले नाहीत हो’ म्हणून परत पाठवायचं. तिसरा सगळ्यांत सभ्य: १५०० काढायचे, १४५० द्यायचे आणि पन्नास ‘नेटचे’ म्हणायचं. बँक मित्राला प्रत्येक व्यवहाराचं कमिशन बँक देते. लाभार्थ्याकडून घेतलेला एक रुपयाही त्याचा हक्काचा नाही. सुट्टे नाहीत म्हणून वीस रुपये सोडणं ही वेगळी गोष्ट, पण तीही दर महिन्याला होत असेल तर ते कमिशनच.

चांगलं केंद्र ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीवर बँकेचं नाव, बँक मित्राचा फोटो आणि कोड, तक्रारीचा क्रमांक. यंत्राला जोडलेला छोटा प्रिंटर आणि त्यात कागद. कागद नेहमीच ‘आजच संपलेला’ असेल तर केंद्र बदलावं. प्रत्येक अंगठ्याला एक चिठ्ठी मागावी, व्यवहार फसला तरी. चिठ्ठीवर बारा आकडी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, असतो. पुढची सगळी भांडणं त्याच्यावर चालतात. अंगठा तीनदा लागला आणि चिठ्ठी एकच, तर तिथेच मिनी स्टेटमेंट काढून घ्यावं, घरी येऊन नाही. आणि दर तीन महिन्यांनी शाखेत पासबुक भरून घ्यावं. पासबुकातल्या नोंदी आणि घरातल्या चिठ्ठ्या जुळल्या की बाकी काही समजलं नाही तरी चालतं.

अंगठा खरोखरच लागत नाही, असंही किनाऱ्यावर फार होतं, आणि त्यात बँक मित्राची चूक नसते. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. कारखान्यात बी फोडणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत. चिरेखाणीवरचे हात, कालवं काढणारे, मासळी साफ करणारे हात, सगळ्यांची तीच गत. वयामुळे कातडी कोरडी पडते, पावसात ओली राहून सुरकुतते. यंत्राला यातलं काहीच कळत नाही, ते फक्त ‘जुळत नाही’ म्हणतं.

यावर जे चालतं ते असं. आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळायचं, सकाळी साबणाने धुवून पूर्ण कोरडी करायची. तेलकट बोट ठेवलं तर काच खराब होऊन मागच्या दहा जणांचाही खोळंबा होतो. यंत्राची काच पुसायला सांगायची. यंत्र उन्हात ठेवलेलं असेल तर सावलीत आणायला लावायचं, थेट ऊन पडलं की काचेला रेषा नीट दिसत नाहीत. बोट टेकवायचं, दाबायचं नाही. दाबलं की रेषा पसरतात. आणि अंगठाच हवा असं नाही: आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. डाव्या हाताची मधली बोटं कमी झिजलेली असतात, ती आधी लावून बघावीत. कुठलं बोट चटकन लागतं ते एकदा कळलं की चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावं.

दहाही बोटं नापास झाली तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने द्यावं. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा आकार १२५ रुपये आहे. काजूचं काम चालू असताना मात्र जाऊ नये. झिजलेलीच बोटं नोंदली जातात आणि सव्वाशे रुपये वाया. काम थांबून काही आठवडे गेले की कातडी भरते, तेव्हा जावं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेने ऑगस्ट २०२५ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आणली आहे. खराब बोटांच्या माणसांसाठी पोस्टाला पहिला नंबर द्यायला एवढं एक कारणही पुरेसं आहे. उजेड समोरून हवा, अंधाऱ्या माजघरात चेहरा लागत नाही, पडवीत बसावं.

व्यवहार मधेच तुटला, खात्यातून रक्कम गेली आणि हातात आली नाही, असं नेट गेलं की होतंच. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागावी न लागता. तक्रार दुकानदाराकडे नाही, खातं ज्या बँकेत आहे तिथे करायची: तारीख, वेळ, रक्कम, आरआरएन. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा क्रमांक १४४४८, तक्रारीला पैसे पडत नाहीत. चोरीचाच संशय असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा, आणि माय-आधारवरून बायोमेट्रिक लॉक करून टाकावं. लॉक असेतो कुणाचाच अंगठा चालणार नाही, आपलाही नाही. पुढच्या पगाराला ते उघडायची आठवण ठेवावी.

शाखेकडे पगार काढायला नाही, खातं जिवंत ठेवायला जायचं. केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, थकली की पैसे येतात आणि निघत नाहीत. २०२५ पासून केवायसीचं काम बँक मित्राकडूनही करून घेता येतं, पत्ता बदललेला नसेल तर नुसतं स्वयंघोषणापत्र पुरतं. निष्क्रिय झालेलं खातं पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही. पुरेशा कागदांविना उघडलेली ‘स्मॉल’ खाती हा आणखी एक सापळा: वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा नाही, शिल्लक ५०,००० च्या वर नाही, महिन्याला १०,००० च्या वर काढणं नाही. मुंबईच्या मुलाने घरदुरुस्तीचे पैसे आईच्या अशा खात्यावर टाकले की वर्षाची मर्यादा भरते आणि पगार माघारी जाऊ शकतो. पूर्ण केवायसी दिली की ही बंधनं सुटतात.

विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची खाती असलेल्यांनी १ मे २०२५ च्या विलीनीकरणानंतर पासबुक नव्या नावाने, म्हणजे महाराष्ट्र ग्रामीण बँकेच्या नावाने, भरून घ्यावं आणि सीडिंग स्टेटस एकदा तपासावा. आधारवरून येणारे पैसे आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, पाहत नाहीत. मुलगा मुंबईहून पाठवतो ते मात्र पाहतात, तेव्हा नवा कोड त्याला कळवावा.

एटीएमबद्दल थोडक्यात. पिन पाठ राहत नाही म्हणून तो कार्डाच्या पाकिटावर लिहिला जातो आणि कार्ड शेजारच्या पोराच्या हाती जातं. तिथेच विषय संपतो. तरी जनधनचं रुपे कार्ड फेकू नये. त्याच्यावर दोन लाखांचा अपघात विमा आहे (२८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना), पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. तिमाहीत एकदा पाचशे रुपये काढले तरी भागतं.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा तहसीलला जातो. पोस्टमन जे डिजिटल जीवन प्रमाणपत्र काढून देतो, ते निवृत्त सरकारी नोकरदार आणि पीएफची पेन्शन घेणाऱ्यांसाठी. निराधारच्या बाईने ते काढून उपयोग नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. आधारला आणि खात्याला जोडलेला क्रमांक बहुतेक घरांत चाकरमान्याचा असतो. ओटीपी नालासोपाऱ्यात वाजतो, अंगठा देवगडात. मेसेज बघून ‘पगार आला’ असा फोन घरी करायला मुलगा विसरला की आजी उगाच दोन फेऱ्या मारते. आधारमधला क्रमांक केंद्रावर बदलायला ७५ रुपये पडतात. बँकेतला क्रमांक वेगळा बदलायचा. घरात जो माणूस बाराही महिने राहतो, सून असो की शेजारी राहणारा पुतण्या, त्याचा क्रमांक द्यावा. हे काम गणपतीत मुलगा आला की करू म्हणून ठेवू नये. चतुर्थीच्या आसपास शाखा दोन दिवस बंद असते, उघडते तेव्हा अख्खी मुंबई रांगेत उभी असते आणि आधार केंद्राचं टोकन तर आठवडाभर मिळत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीला मे महिन्यात बाजारात जावंच लागतं. मिरची-मसाल्याच्या पिशवीतच पासबुक, आधार आणि दोन फोटो टाकावेत.